नाझारेनोची कॉफी

पोज्जोलुंगो गावात जमीन खणणारी माणसं दोनच, सेत्तिमियो आणि नाझारेनो. मशीन दोघांचं सारखं, बकेट सारखी, आणि गावाखालची मातीही तीच. तरी छत्तीस वर्षांत सेत्तिमियोच्या बकेटखाली चार वेळा रोमन निघाले आणि नाझारेनोच्या खाली एकदाही नाही. नाझारेनोचे चर पाहून कोणी इतिहास लिहिला असता तर रोमन लोक या बाजूला फिरकलेच नव्हते असं ठरलं असतं.

त्याचं कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. नाझारेनोच्या बकेटला काही वेगळं लागलं की तो मशीन बंद करायचा, टोपी काढून कपाळ पुसायचा आणि घरच्या बाईला म्हणायचा, "एक कॉफी मिळेल का?" मग बाईने मुकाट्याने आत जायचं. गॅस बारीक ठेवायचा. धुतलेले कप पुन्हा धुवायचे. ती ट्रे घेऊन बाहेर येईपर्यंत चरात खडी पसरलेली असायची आणि खडीवर पाइप. तिने काही पाहिलेलं नसायचं, त्याने काही सांगितलेलं नसायचं. पुरातत्त्व खात्याला कळवलं की काम दीड-दोन वर्षं ठप्प होतं, ते परवडतं कोणाला? त्यामुळे गावात नाझारेनोच्या कॉफीला नावं ठेवणारं कोणी नव्हतं.

सेत्तिमियो कॉफी मागत नसे. तो मशीनवरून उतरून खात्याला फोन करत असे.

आणि त्या फोनचा भुर्दंड कोणी भरला? एर्सिलियाने. सेत्तिमियोच्या बायकोने. बेकरीवाल्याची मुलगी, चोविसाव्या वर्षी लग्न करून या घरात आली ती चांगल्या कमावत्या माणसाशी लग्न केलं या समजुतीत. दोन वर्षांत शाळेच्या व्यायामशाळेच्या पायात ओळीने अकरा थडगी निघाली, सेत्तिमियोने फोन केला, आणि गावची पोरं पुढची दोन वर्षं पावसात कवायत करत राहिली. पुढे सुपरमार्केटच्या गाडीतळाखाली दगडी रस्ता निघाला. मग दाताच्या डॉक्टरच्या पोहण्याच्या तलावाखाली द्राक्षं तुडवायचा हौद निघाला, आणि तो डॉक्टर अजून या घरातल्या कोणाच्या दातांना हात लावत नाही. दरवेळी गावाने वर्ष वर्ष सेत्तिमियोला काम दिलं नाही. त्याचं नाव पडलं मढेकाढ्या. एर्सिलिया हॉटेलच्या चादरींना इस्त्री करायची, डझनांनी, आणि घरात सोमवारी मसूर, मंगळवारी मसूर, रविवारी मसुरात सॉसेजचा तुकडा.

"तुला दिसतंच कसं रे?" ती वैतागून विचारायची. "वीतभर मातीतून तुलाच बरं दिसतं."

"दिसत नाही गं. हाताला कळतं. बकेटचा आवाज बदलतो."

"मग कान बंद कर."

तो हसायचा. त्याचं ते हसणं पाहून तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. रोमन लोक या माणसाच्या पाचवीलाच पुजलेले होते, आणि लग्न केल्यामुळे तिच्याही.

चौथ्या वेळी तर हद्द झाली. तीन वर्षांपूर्वी नव्या दवाखान्याच्या पायासाठी खणताना निघाला एक संगमरवरी पाय. घोट्यापासून खाली, फक्त एक. बाकीचा माणूस कुठे गेला देव जाणे. त्या एका पायासाठी दवाखाना चौदा महिने अडला. नंतर तो पाय तालुक्याच्या संग्रहालयात काचेत ठेवला, तेव्हा सेत्तिमियो तिला रविवारचे कपडे घालून बघायला घेऊन गेला. तिने वाकून पाटी वाचली. पायाचं शतक लिहिलं होतं, दगड कुठल्या खाणीतला ते लिहिलं होतं, आणि शेवटी लिहिलं होतं, योगायोगाने सापडला.

"योगायोगाने?" ती म्हणाली.

"तसंच लिहितात गं ते."

"आणि मी चादरी कशाने इस्त्री केल्या? योगायोगाने?"

पहारेकऱ्याने हळू बोला म्हणून सांगितलं. 

आता मुद्द्याचं. त्यांचं घर जुन्या पद्धतीचं, खाली अंगणालगत दारूच्या पिंपांचं कोठार आणि वर राहायचं. मधे चौदा दगडी पायऱ्या. गेल्या हिवाळ्यात एर्सिलियाच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. उजवा पाय तेव्हापासून ओढत टाकावा लागे, भिंतीला हात लावून, एकेक पायरी. डॉक्टरांनी सांगितलं, जिने बंद. मुलगी लोरेदाना तोरिनोहून रोज फोन करायची, "आई, इकडे ये, आमच्याकडे लिफ्ट आहे." लिफ्ट होती, खरंय. आणि चौथ्या मजल्यावर दोन खोल्या, आणि खिडकीतून समोरच्याची खिडकी. एर्सिलियाला तोरिनोला जायचं नव्हतं. तिला याच घरात, आपल्या अंजिराच्या झाडाशेजारी मरायचं होतं. त्यासाठी खालच्या कोठारात पलंग टाकायचा आणि एक न्हाणीघर बांधायचं, एवढंच पाहिजे होतं. न्हाणीघराचं सांडपाणी जायला अंगणातून रस्त्यापर्यंत सहा मीटरचा चर. सहा मीटर! सेत्तिमियोने जन्मात किती मैल खणले असतील.

पण हा माणूस आपलंच अंगण खणेना. आधी म्हणाला ईस्टरनंतर. मग म्हणाला उन्हाळा जाऊ दे. परवानगीचा कागद स्वयंपाकघरात येशूच्या चित्राखाली टाचणीला लटकून पिवळा पडला.

शेवटी ऑक्टोबरात तिने त्याला टेबलाशी बसवलं. "खरं काय ते सांग."

"त्या जमिनीचा मला भरवसा नाही," तो खाली बघत म्हणाला. "अंजिराचा खड्डा घेतला तेव्हाच आवाज पोकळ आला होता. आणि निघालं तर मला फोन करावा लागेल, एर्सिलिया."

करावा लागेल म्हणे. जसं काही रोमनांनी त्याला वचनात बांधून ठेवलंय. तिने कपाळाला हात लावला. पण सेत्तिमियो दोन दिवसांसाठी भावाकडे ऑलिव्ह उतरवायला गेला, त्याच सकाळी तिने नाझारेनोला बोलावून घेतलं.

नाझारेनो आला तो दात विचकतच. तो आणि एर्सिलिया शाळेत एका वर्गात शिकलेले. "मढेकाढ्याच्या अंगणात मी! त्याला माहीत आहे का?"

"तुला खणायला बोलावलंय की चौकशी करायला?"

"बरं बाई, बरं. संध्याकाळपर्यंत पाइप टाकून देतो. हिवाळ्यात राणीसारखी न्हाशील."

ती खुर्ची टाकून अंजिराखाली बसली. दोन मीटर झाले, तीन झाले. माती, मुळ्या, एक गंजका नाल. चौथ्या मीटरला बकेटचा आवाज बदलला. छत्तीस वर्षांत तिने स्वतः कधी ऐकला नव्हता, तरी तिला तो कळला.

नाझारेनोने मशीन बंद केलं. टोपी काढली. कपाळ पुसलं. "एर्सिलिया," तो आभाळाकडे बघत म्हणाला, "एक कॉफी मिळेल का?"

ती उठली. तिला हेच तर हवं होतं. भिंतीला हात लावत ती एकेक पायरी चढली, एक, दोन, तीन, चौदापर्यंत. कॉफीचं भांडं घेतलं, पाणी भरलं, कॉफी घातली, गॅस पेटवला आणि अगदी बारीक केला. मग कप धुवायला नळाशी गेली. नळावरच खिडकी होती.

खाली चरात माती ढासळली होती तिथे पायऱ्या दिसत होत्या. तीनच, बुटक्या, खाली एका लहानशा खोलगट जागेत उतरणाऱ्या, तिथे तळाला निळ्या-पांढऱ्या खड्यांची फरशी आणि कोपऱ्यात पाणी जायचं भोक. न्हाणीघर. या अंगणात कोणाचं तरी न्हाणीघर होतं, खाली, जमिनीलगत, आणि त्याला तीनच पायऱ्या होत्या. एर्सिलियाला इतका संताप आला की हातातला कप नळावर आपटला.

मग तिने नीट पाहिलं. पायऱ्या मधोमध झिजलेल्या नव्हत्या. भिंतीच्या बाजूला झिजल्या होत्या. कोणीतरी भिंतीला हात लावून, एका बाजूने, पाय ओढत रोज उतरत होतं.

नाझारेनो खडीच्या ढिगाकडे मशीन वळवत होता. घाई नव्हती त्याला, कॉफीला वेळ लागतो हे तो जाणून होता. भांड्यात अजून पाणी उकळायचं होतं. आणि एर्सिलिया नळाशी उभी राहून स्वतःवर, नवऱ्यावर, त्या मेलेल्या लंगड्या बाईवर, बाई की बाप्या कोण जाणे, सगळ्यांवर चिडत होती. ही खडी पडली की न्हाणीघर झालं. हिवाळा घरात. पण मग ती व्यायामशाळा, तो रस्ता, तो हौद, तो एकुलता एक पाय? मढेकाढ्याच्याच अंगणात खडी पडली तर इतकी वर्षं मसूर कशासाठी खाल्ले? तेव्हाच कॉफी करायची होती. तीस वर्षांपूर्वीच करायची होती, म्हणजे निदान हात तरी भाजले नसते इस्त्रीने.

तिने गॅस बंद केला. खिडकी उघडली.

"नाझारेनो, कॉफी संपलीये."

त्याने वर पाहिलं. "चहा चालेल."

"चहा पण संपलाय. खाली उतर मशीनवरून."

"वेडी आहेस का? मला कुठे काही दिसलंय? तुलाही नाही दिसलेलं. अगं, तुझ्याच पायासाठी चाललंय हे सगळं."

"माझा पाय माझा मी बघेन. उतर म्हणते ना."

तो उतरला. जाताना तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला, त्यात मढेकाढ्याची मढेकाढी बायको असं काहीसं होतं. खात्याचा नंबर फोनशेजारी भिंतीवर सेत्तिमियोच्या अक्षरात लिहिलेला होताच. तिकडच्या कारकुनाने पत्ता ऐकला आणि एक मोठा श्वास सोडला. सेत्तिमियोचा पत्ता त्यालाही पाठ होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सेत्तिमियो तेलाचा डबा घेऊन परतला तेव्हा अंगणात नारिंगी जाळी लागली होती आणि खात्यातली एक तरुण पुरातत्त्वज्ञ, डॉक्टर कोस्तान्झा, चरात गुडघ्यांवर बसून ब्रश फिरवत होती. एर्सिलिया अंजिराखाली खुर्चीत. सेत्तिमियो डबा खाली न ठेवताच चराच्या काठाशी गेला.

"एक शब्द बोलू नकोस," एर्सिलिया म्हणाली.

 तो वाकून पायऱ्यांची झिजलेली बाजू बघू लागला. मग हळूच म्हणाला, "फोन कोणी केला?"

"तुझ्या रोमनांनी. उठून आले आणि केला."

"आणि न्हाणीघर तुझं?"

"त्यांचं झालंय की. बघ ना, फरशीसकट." तिने उजवा पाय हाताने सरळ केला. "लोरेदानाला कळवलंय. हिवाळाभर जाईन तिकडे. हिवाळाभर म्हणतेय, जास्त नाही. बॅग माळ्यावरून काढून ठेव."

कोस्तान्झा कपडे झटकत वर आली. किमान दीड वर्ष लागेल, ती संकोचत म्हणाली, फार सुंदर आहे, पण दीड वर्ष. एर्सिलियाने मान हलवली. तिला आकडे नवे नव्हते. मग कोस्तान्झाने फॉर्म काढला, गुडघ्यावर ठेवला आणि लिहू लागली. मालकाचं नाव, जागा, किती खोल, तारीख. "कसं सापडलं?" ती स्वतःशीच म्हणाली आणि सवयीने लिहायला लागली, "योगा..."

"खोडा ते," एर्सिलिया म्हणाली.

"माफ करा?"

"योगायोगाने नाही सापडलं. लिहा, एर्सिलियाने कॉफी केली नाही."

त्या पोरीला काही कळलं नाही, ती पेन हातात धरून तशीच बघत राहिली. सेत्तिमियोला कळलं. त्याने तेलाचा डबा जमिनीवर ठेवला आणि डोक्यावरची टोपी काढली.

"लिहा हो," तो म्हणाला. "तशीच गोष्ट आहे."