गट त्याच्या हाती देताना

मुलीच्या बाळंतपणासाठी मला पुण्याला जायचं होतं आणि आमचा गट कुणाच्या हाती सोपवायचा, या विचाराने जिवाला चैन नव्हतं. आमच्या गटात येणाऱ्या सगळ्यांना, जवळ कुणी नसतानाही, आवाज ऐकू येतात. मलाही येतो, एका पुरुषाचा, कॉलेजात असल्यापासून. गोळ्यांनी कमी झाला, पुरता गेला नाही. गटात एकदा कुणी दुखावलं की माणूस परत फिरकत नाही. नातेपुत्याहून, एवढ्या लांबून एसटीने येणारी पोरगी तर नाहीच नाही.

गट चालवायला शिकायला तिघं आली होती, तिघंही आवाज ऐकणारी. पण दर आठवड्याला वेळ देऊ शकणारा एकच, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर काम करणारा. मागांच्या खडखडाटात बोलून बोलून सवय लागलेली, म्हणून खोलीतही ओरडूनच बोलायचा. माझं डोकं उठायचं.

आवाज खरा की खोटा, याचा वाद घालायचा नाही आणि आवाजाशी आपण बोलायचं नाही. समोरच्या माणसाचं ऐकायचं. हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला होता. सरावात तिघांतल्या एका बाईंनी त्याला सांगितलं, वारलेल्या सासूचा आवाज येतो, घालूनपाडून बोलतो. सांगतानासुद्धा त्यांनी डोक्यावर पदर घेतला. हा पठ्ठ्या उठला, रिकाम्या खुर्चीला हात जोडून म्हणाला, "मावशी, जरा गप बसा की. सूनबाई बोलतीया न्हवं?"

बाईंसकट सगळे हसले. मी चिडले. "अहो, सासूला गप्प करायला बसलाय की सुनेचं ऐकायला?"

"चुकलंच," तो वरमला. "पर लई राग आला की."

दुपारी मीच त्याच्यासमोर बसले. काहीतरी खोटंनाटं सांगून परीक्षा घ्यायची, असं ठरवलं होतं. पण मला खरोखर ऐकू येणारा आवाज सकाळपासून पिच्छा सोडत नव्हता. त्याने विचारलं, "आत्ता काय म्हंतोय?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणतोय, ह्याला जमणार नाही. हा गट बुडवणार."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याचा चेहरा उतरला. पण या वेळी तो उठला नाही. पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, "माझा बी सकाळधरनं ह्येच म्हंतोय. त्या दोगांचं ऱ्हाऊ द्या, ताई. तुमचं काय म्हननं हाय?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मीच सगळ्यांना विचारत आले होते.

"मला भीती वाटते," मी म्हणाले. "तुम्ही बुडवाल याची नाही. मी नसतानाही गट नीट चालला, तर मग मी कोण?"

त्याने धीर दिला नाही, समजूत घातली नाही. खुर्ची जरा जवळ ओढली आणि ऐकत राहिला. मी बोलत गेले.

संध्याकाळी मी पुण्याचं तिकीट काढलं.