टँकरवरचा अंतराळवीर

कडुबा माझा धाकटा भाऊ. माझ्या पाठची लेकरं जगली नाय, म्हणून आईनं नजर लागू नये असं कडू नाव ठेवलं. आम्ही धनगर, देवगाव रंगारीकडचे. शाळेच्या टीव्हीवर त्यानं आपला पहिला अंतराळवीर पाहिला अन् घरी येऊन बापाला सांगितलं, "वर पाण्याचा थेंब नाय, त्यानं सोबत नेलं!" बाप हसला. पण कडुबाच्या डोक्यात तो माणूस बसला तो बसलाच.

पुढं दुष्काळात मेंढरं मेली, आम्ही शहरात आलो. शहर लई फुगलं, नळाला मात्र पाणी नाय. कडुबानं टँकर धरला. टाकीच्या मागं पेंटरकडून तोच अंतराळवीर काढून घेतला. रोज सकाळी त्याच्या कपाळाला, गालाला भंडारा लावायचा, आमच्या देवाला लावतो तसा. इतकी वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाय. पोरं तेवढी विचारायची, "हा कोण, हेल्मेटवाला म्हसोबा?"

मग आपलं यान चंद्रावर उतरलं, अन् जो तो मोबाइलवर त्या जुन्या अंतराळवीराचे फोटो टाकायला लागला. त्याच साली पावसानं पाठ फिरवली व्हती. क्रांती चौकात कुण्या मुडद्यानं टँकरचा फोटो काढला अन् खाली लिहिलं, देशाच्या वीराच्या तोंडाला पिवळं फासलं, याला शोधा. आरं, हळद कधी अपमानाची असती व्हय?

शोधलं की! वस्तीत टँकर उभा, घागरी रांगेला, अन् काठ्या घेऊन टोळकं आलं. कडुबा हात जोडत व्हता, "दादा, भंडारा हाय, देवाचा हाय." ऐकतो कोण? एक जण मोबाइल धरून उभा, बाकीचे हाणत व्हते. डोकं फुटलं. उजवा हात कोपरात मोडला, तो आवाज मी ऐकला. एकानं टाकीच्या व्हॉल्व्हवर दगड घातला, पाणी धो धो रस्त्यावर. आम्ही बाया धावलो तशी पळाली रांडेची.

मी कडुबाचं डोकं मांडीवर घेतलं. तो रक्त थुंकत माझ्यावरच खेकसला, "अक्के, मला काय बघती? घागर लाव!"

लावली. सगळ्या वस्तीनं लावली, बादल्या, पातेली, हाताला येईल ते.

त्याचा हात अजून वळत नाय. टँकर आता त्याचा पोरगा भारत चालवतो. भंडारा मी लावते, चांगला गालभर. उजव्या हातात भंडारा, डाव्या हातात टँकरचा पाना. घ्या म्हणावं आता फोटो.