गाण्याआधीची शाल

न्यूअर्कला विमानातून उतरले तेव्हा मला फक्त गरम चहा हवा होता. भाची स्नेहा मला पिस्कॅटवेच्या तिच्या घरी घेऊन आली, तर शेजारच्या दारातून मसाल्याचा झणझणीत वास. शेजारीण मार्शा, पन्नाशीची, मूळची जमैकाची. पहिल्याच संध्याकाळी तिने बकऱ्याची करी आणि रोटी पाठवली. रोटीला तीही रोटीच म्हणते!

दुसऱ्या दिवशी डबा परत करायला गेले आणि दुपारभर तिथेच रमले. मार्शा डान्सहॉल गाते. म्हणजे जमैकाच्या गल्ल्यांतलं, ठेक्याचं, फटकळ गाणं. किंग्स्टनमध्ये साउंड सिस्टिमपुढे (रस्त्यावर रचलेली स्पीकरची भिंत) ती शाळकरी वयात गायला उभी राहिली. पहिलं गाणं गाजलं, पण रेकॉर्डवर नाव आलं जोडीला गाणाऱ्या पुरुषाचं. पुरुष चावट गायला की राजा, ती गायली की निर्लज्ज. इथे ती आठवडाभर म्हाताऱ्यांची शुश्रूषा करते आणि शनिवारी क्लबात गाते. ऐकताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती मात्र निवांत कांदा चिरत होती.

स्नेहाने तिला मराठी मंडळाच्या पाडव्याला गायला बोलावलं होतं. मार्शाच्या मुलीला आईच्या गाण्याची लाज वाटे, ती कधी ऐकायला गेली नव्हती. यावेळी येते म्हणाली होती. मार्शाला त्याचंच अप्रूप.

पाडव्याला हॉलवर पोचतो तोच मंडळाचे सुधीरकाका धावत आले.

"स्नेहा, तिचं गाणं कॅन्सल कर यार. फॅमिली ऑडियन्स आहे. डान्स बारची बाई कशी चालेल?"

"काका, डान्स बार नाही, डान्सहॉल!"

"एकच ते."

मला राहवेना. "अहो, लग्न तुमचंही हॉलमध्येच लागलं असेल. ते काय बारमध्ये लागलं म्हणायचं?"

"ओके मावशी, चिडू नका. गाऊ दे. पण तिचा ड्रेस पाहिलात का?"

ड्रेस सोनेरी, बिनबाह्यांचा. मागे आपल्याच मुली उघड्या पाठीच्या चोळ्या घालून सिनेमाच्या गाण्यावर नाचायची तालीम करत होत्या. त्यांचं कौतुक चाललं होतं.

मार्शा स्टेजवर आली आणि सुधीरराव शाल घेऊन मागोमाग. सत्कार आपल्याकडे गाणं झाल्यावर करतात. यांनी आधीच शाल पांघरली, दोन्ही टोकं गळ्याशी ओढून घेतली आणि स्नेहाला हळूच म्हणाले, "काढू नको म्हणावं." स्नेहाने मान खाली घातली. मार्शाने भारावून हात जोडले.

शाल सावरत ती गायली, आणि काय गायली! पोरं खुर्च्या सोडून पुढे नाचायला धावली. पहिल्या रांगेत तिची मुलगी डोळे पुसत होती.

परत निघाले तेव्हा मायलेकी विमानतळावर सोडायला आल्या. वाटेत मार्शाने विचारलं, "ती शाल तुमच्यात कुणाला देतात?"

खरं जिभेवर आलं होतं. तिच्या मुलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "गुणी माणसाला. मान म्हणून."

"बघ," मार्शा लेकीला म्हणाली, "मला तर गायच्या आधीच दिली."

लेकीने आईचा हात धरला. खोटेपणा सुधीररावांचा, आणि खोटं बोलावं लागलं मला! नागपूरला पोचेपर्यंत मी धुमसत होते.

घरी येऊन फोन उघडला तर त्यांनीच पाठवलेला फोटो. शालीत गुंडाळलेली मार्शा, शेजारी हात जोडून ते स्वतः, आणि खाली लिहिलेलं: "हीच आपली संस्कृती."

मी काय उत्तर पाठवलं ते इथे छापण्याजोगं नाही. ते डान्सहॉलमध्येच शोभेल.