डोळा शेवटच्या नंबरावर

चहा दिला तरी पद्मिनी आधी कपात वाकून बघायची. अकोल्याच्या कॉलेजात नऊ वर्षं परीक्षांना पर्यवेक्षक म्हणून उभी राहिलेली बाई. बाहीत, बुटात, कंपासपेटीत चिठ्ठ्या शोधून शोधून तिची नजरच तशी झाली होती. नवऱ्याच्या नोकरीमुळे टेक्ससमधल्या फ्रिस्कोला आली, डिपेंडंट व्हिसावर काम करता येईना, मग ती नजर आमच्याकडे वळली. इंडियन ग्रोसरीत कोथिंबिरीच्या जुडीचं रबर काढून ती आतली पानं तपासायची. दुकानदार चिडला, तर रबर इतकं घट्ट का लावलंय असं त्यालाच विचारायची.

या बाईला मी २००६ साली आमच्या थ्रोबॉलच्या टीममध्ये घेतलं. मी कॅप्टन. पद्मिनी खेळायची बेताचीच, पण आठवडाभर अपार्टमेंटमध्ये एकटी, गाडी चालवता येत नाही, चालत जावं असं आसपास काही नाही. शनिवारी मी तिला न्यायला जायची, तेव्हा ती टेक्ससच्या त्या उन्हात पार्किंगमध्ये कधीची येऊन उभी असायची. आठवड्यातून तेवढंच तिचं बाहेर पडणं होतं.

आमच्या लीगमध्ये सहा टीम, प्रत्येकीत नऊ बायका. सीझन संपला की नव्याने नाव दिलेल्या बायका वाटून घ्यायच्या आणि शेवटच्या नंबरावरच्या टीमने पहिली निवड करायची. दुबळ्या टीमला आधार मिळावा, हा हेतू. नवी घेतली की जुनी एक सोडायची आणि तिने वर्षभर वेटिंग लिस्टवर बसायचं. त्या वर्षीच्या नव्या नावांत चैत्राली होती, युनिव्हर्सिटीकडून खेळलेली. दोन मॅच उरल्या होत्या आणि आम्ही शेवटून दुसऱ्या होतो.

एका प्रॅक्टिसनंतर आमच्यातली सगळ्यात चांगली खेळाडू, रेणू, मला हळूच म्हणाली, "हरलो तर काय बिघडतं यार? रूलमध्येच बसतंय."

मी तिला गप्प करायला हवं होतं. केलं नाही. पद्मिनी पाण्याची बाटली भरून परत आली तेव्हा आम्ही घाईघाईने विषय बदलला. वर्गातली कुजबुज एकदम थांबली की काय समजायचं, हे तिला शिकवायची गरज नव्हती.

पुढची मॅच आम्ही हरलो. परतताना गाडीत तिने माझी उलटतपासणी सुरू केली. रेणूच्या हातून एरवी एक बॉल सुटत नाही, आज तीन कसे सुटले? मी म्हटलं, उन्हाने हात घामेजतात. त्यावर ती म्हणाली,

"नापास होणाऱ्याला बक्षीस देणारी परीक्षा मी कुठे पाहिली नाही, शोभनाताई. आणि तुम्ही कुणाला सोडणार तेही मला माहितीये."

मला भयंकर राग आला. घरी येऊनही धुसफुसत होते. पण ते तीन बॉल कसे सुटले, हे रेणूला विचारायचं धाडस काही मला झालं नाही.

शेवटची मॅच तळाच्या टीमशी होती. जी हरेल ती शेवटची. मला स्वतःचीच लाज वाटत होती, म्हणून मैदानावर सगळ्यांना ठणकावून सांगितलं की आज जिंकायचंच. आणि खरोखर जीव तोडून खेळलो. रेणू तर दोनदा गुडघ्यांवर पडली. तिसऱ्या सेटला तेरा-तेरा झाले.

पद्मिनीचा मात्र एकीवरही विश्वास नव्हता. आम्ही मुद्दाम बॉल सोडणार हे धरूनच ती उभी होती. रेणूकडे सोपा बॉल आला तशी ही धावत मध्ये घुसली आणि दोघींनी तो एकदम धरला. थ्रोबॉलमध्ये तसं झालं की पॉइंट समोरच्यांना जातो. मी ओरडले, जागा सोडू नकोस म्हणून. पुढचा बॉल सरळ माझ्या छातीवर आला. मी तो धरला, आणि माझ्या हातांवर तिचेही हात होते.

पंधरा-तेरा. आम्ही शेवटच्या आलो.

पद्मिनी तोंड धुवायला नळावर गेली. लीगचं काम बघणाऱ्या रेखाने तिथेच फॉर्म पुढे केला. येणारी कोण, जाणारी कोण. मी दोन्ही नावं लिहिली. जाणारीचं लिहिताना हात थांबला नाही, हेच आज सगळ्यात जास्त सलतं.

गाडीत पद्मिनी रडत होती. मला वाटलं, तिने रेखाच्या हातातला फॉर्म पाहिला. पण तसं नव्हतं.

"मी उगाच तुमच्यावर संशय घेतला, ताई. आज जवळून पाहिलं, तुम्ही सगळ्या खरं खेळत होतात. माझ्यामुळे हरलो." मग डोळे पुसून तिने विचारलं, "नव्या सीझनची प्रॅक्टिस कधीपासून?"

"फोन करते," मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि एकही उलट प्रश्न न विचारता उतरली.