सीटखाली मावणारा बेस

काकाजींची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी आधी माझ्या कीबोर्डच्या पेटीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला, आणि मग त्याच बोटानं माझ्या डोक्यावर टकटक केलं. "दोनी सारखेच वाजून राहिले," असं म्हणून ते ढोलकी घेऊन सतरंजीवर बसले. मी आमच्या ग्रुपमध्ये त्या दिवशी नवा होतो. हसावं की रागवावं ते मला कळेना, म्हणून मी दोन्ही थोडं थोडं केलं.

टरबूज वाजवून घेणारे आपण सगळेच असतो. काकाजी मात्र कांदेसुद्धा वाजवून घेत. मांडवाचा खांब, एसटीचा पत्रा, ज्यांच्याकडे जेवायला बोलावलंय त्यांचं दार, काहीही सुटत नसे. पुतणीचा नवा नवरा पाया पडायला वाकला तर आशीर्वाद द्यायच्या आधी यांनी त्याची पाठ वाजवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ठीक हाये. आतून भरला हाये." गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये त्यांनी जन्म काढला होता. पोतं वाजवून आतलं धान किती वाळलं ते आपण सांगत होतो, असं ते म्हणायचे. मिलवाले मात्र मशीननंच बघायचे.

आमच्या ग्रुपला ऑर्केस्ट्रा म्हणणं म्हणजे शेळीला हत्ती म्हणणं. एक गायिका, तिचा नवरा, एक ऑक्टोपॅडवाला, कीबोर्डवर मी आणि ढोलकीवर काकाजी. बारसं, हळद, कोणाची सेवानिवृत्ती, नवरात्रात शारदा मंडळ. कधीमधी नागझिऱ्याकडच्या एखाद्या रिसॉर्टवर बोलावणं यायचं. तिथं जंगलामुळे इतकं हळू वाजवावं लागे की गायिका गाते आहे की पाहुण्यांच्या कानात चुगली करते आहे ते कळत नसे. गायिकेच्या नवऱ्याचं काम एकच, पहिलं गाणं संपलं की मागून "वन्स मोर" ओरडायचं. तो ते इतक्या इमानानं करायचा की एकदा गाण्याच्या मधेच लाइट गेली, तरी हा अंधारातून ओरडला.

तर गोष्ट बेसची. हल्ली बारशाच्या पाळण्यापुढेही लोकांना धमक लागते. आमच्या दोन स्पीकरांतून ऑक्टोपॅडचा ड्रम असा वाजायचा की कोणी स्टीलच्या डब्यावर चमचा आपटतंय. एका हळदीला नवरदेवाच्या मामानं येऊन विचारलंच, "तुमचा आवाज उपाशी हाये का?" मग आमची बैठक बसली आणि ठरलं की एक छोटा सबवूफर, म्हणजे नुसता खर्ज घुमवणारा स्पीकर, घ्यायचा. पावरवाला, म्हणजे अँप्लिफायर त्याच्या आतच असतो, वेगळा न्यावा लागत नाही. ऑक्टोपॅडवाला खुशीत म्हणाला, "बेस आला का ढोलकीपन माह्या पॅडवरच वाजते."

हे बोलून झाल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते. आणि त्याहून अवघड गोष्ट तर कोणी बोललंच नव्हतं. आमच्या व्हॅनमध्ये पुढे ड्रायव्हर आणि मी, मध्ये गायिका, तिचा नवरा आणि ऑक्टोपॅडवाला, मागे स्पीकर, स्टँड, वायरी आणि एक घडीची सीट. त्या सीटवर काकाजी, मांडीवर ढोलकी. बेसचा डबा आला तर तो ठेवायला गाडीत तेवढीच जागा होती.

काकाजींनी सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं. "डब्बा मी पाहीन," ते म्हणाले.

"तुम्ही कायले तरास घेता काकाजी?" गायिकेचा नवरा म्हणाला.

"कायले म्हन्जे? आजवर या ग्रुपले बेस कोन देऊन राहिला होता?" त्यांनी आपला डावा हात वर करून दाखवला. ढोलकीची घुमणारी बाजू डाव्या हाताची असते.

दुसऱ्या दिवशी मी आणि काकाजी बाजारात साउंडच्या दुकानात गेलो. दुकानाचे शेठ हिंदी बोलणारे, गोड बोलणारे आणि मोठा माल आधी दाखवणारे. त्यांनी पंधरा इंचाच्या सबवूफरवरची प्लॅस्टिकची पिशवी काढली. काकाजींनी तो वाजवलाही नाही. "हा डब्बा नोहे, फ्रीज हाये," ते म्हणाले. शेठ म्हणाले, "काकाजी, ये चलेगा तो दीवार हिलेगी." काकाजी म्हणाले, "आमाले भितीले नाई, मानसायले हालवाचं हाये."

मग अँप आतच असतो हे शेठनी समजावून सांगितलं. काकाजींनी डब्याभोवती एक फेरी मारली, मागची जाळी पाहिली, खालून पाहिलं. "म्हन्जे गाभन हाये म्हना नं," असा त्यांनी निकाल दिला. शेठना ते कळलं नाही, पण गिऱ्हाईक खूश दिसतंय म्हणून त्यांनी चहा मागवला.

पुढचा प्रकार तुम्ही पाहायला हवा होता. काकाजींनी दुकानातली प्लॅस्टिकची खुर्ची मधोमध ओढली, खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि व्हॅनच्या सीटखालची जागा मापून त्याला मारलेल्या गाठी खुर्चीखाली धरून पाहिल्या. मग ते खुर्चीवर बसले आणि शेठच्या माणसाला एकेक डबा आपल्या पायांखाली सरकवायला लावला. मांडीवर ढोलकी असल्यासारखे हात धरून ते जागच्या जागी उसळू लागले. "हा आमगावचा रोड हाये," त्यांनी मला सांगितलं. थोड्या वेळानं जास्त उसळले. माइक घ्यायला आलेल्या एका बाईंनी शेठना हळूच विचारलं, "इनको क्या तकलीफ है?"

बारा इंचाचा डबा त्यांच्या गुडघ्यांना अडत होता. दहा इंचाचा मावला, पण खड्डा आला की टाच आपटत होती. आठ इंचाचा मात्र पायाखाली असा गेला की जणू खुर्चीबरोबरच विकायला ठेवला होता. काकाजींनी त्याच्यावर टकटक केलं, कान लावला, आणि डोळे मिटून म्हणाले, "हाच. आवाज भल्ला मजबूत."

"काकाजी, अजून चालू कुठे केलाय?" मी म्हणालो.

"चालू केल्यावर तर कोनीबी सांगते," ते म्हणाले.

हे सगळं सीटसाठी चाललं आहे, हे मला दिसत होतं आणि मला दिसतंय हे त्यांनाही दिसत होतं. दोन जुन्या गाण्यांना खरी ढोलकीच लागते असा त्यांनी स्वतःच नियम केला होता, आणि त्या दोन गाण्यांसाठी ते दिवसभर ताठ बसून राहायचे. त्यांच्याशिवाय व्हॅनचं मागचं दार लावायचं, ही कल्पनाच मला नको वाटत होती. शेठना म्हटलं, एक कार्यक्रम वापरून बघतो, पसंत पडला तर ठेवतो. शेठ तयार झाले.

कार्यक्रम बिरसीला होता, दुपारचं बारसं. जाताना काकाजी डब्यावर पाय ठेवून नवरदेवासारखे बसले होते. बिरसीला पायलट शिकणाऱ्या पोरांची विमानं दिवसभर डोक्यावरून फिरतात, त्यामुळे तिथं विमान आलं तरी कोणी मान वर करत नाही. अंगण मोठं, वर उघडं आभाळ. मी बेस चालू केला. डब्यावरचा लाल दिवा लुकलुकला आणि आतून पोट बिघडल्यासारखा आवाज आला.

काकाजी हार मानणारे नव्हते. "जागा चुकली हाये," म्हणत त्यांनी डबा भिंतीला लावला. थोडा फरक पडला. मग कोपऱ्यात नेला. अजून थोडा पडला. मग त्यांची नजर पडवीतल्या ढोलीवर गेली. ढोली म्हणजे धान साठवायची, शेणानं लिंपलेली, माणूस उभा मावेल एवढी बांबूची कोठी. नवं धान यायचं होतं, म्हणून ती रिकामी होती. काकाजींनी ती वाजवून पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. मी "नको, नको" म्हणेपर्यंत डबा आत गेला होता.

गायिकेनं पाळणा सुरू केला, ऑक्टोपॅडवाल्यानं पहिला ठोका दिला आणि ढोली हंबरली. दुसरा शब्द नाही त्याला. बिरसीची माणसं, जी खऱ्या विमानाला विचारत नाहीत, ती सगळी मान वर करून आभाळात बघू लागली. लिंपणाचे पोपडे सुटून जिलेबीच्या परातीत पडले. ढोलीमागे अंड्यांवर बसलेली कोंबडी ओरडत निघाली ती थेट पाळण्याखालून गेली. बाळाची आजी काठी घेऊन धावली, "आत कोन हाये रे? निंग बाहीर!" गायिका थांबली. आणि तिचा नवरा मागून ओरडला, "वन्स मोर!"

बाळ मात्र पहिल्यांदाच खदखदून हसलं म्हणे. पण ढोली लिंपायची पाळी घरच्या बायांवर आली, आणि उरलेला कार्यक्रम आम्ही बेस बंद ठेवूनच उरकला. निघताना बाळाच्या आजोबांनी काकाजींना जवळ बोलावलं. राग नव्हता त्यांच्या बोलण्यात. "तुमची ते दोन गानी चांगली झाली," ते म्हणाले, "बाकी सब पातर होता, पान्यावानी."

 परतीच्या वाटेवर डबा काकाजींच्या पायाखाली होता, पण त्यांनी पाय बाजूला धरले होते. गोंदियात शिरल्यावर त्यांनी गाडी दुकानापाशी थांबवायला लावली.

आत जाऊन त्यांनी शेठना बारा इंचाचा डबा चालू करायला सांगितला. या वेळी त्यांनी खुर्ची मागितली नाही, दुपट्टा काढला नाही. मी फोनवरून आमच्या ऑक्टोपॅडचं एक रेकॉर्डिंग लावलं. आवाज आला तो जमिनीवरून चालत आला आणि पायांतून वर चढला. काकाजींचा डावा हात आपोआप त्यांच्या मांडीवर वाजू लागला. गाणं निम्मं झाल्यावर तो थांबला. त्यांच्या वाजवण्याला त्या आवाजात जागाच उरली नव्हती, आणि हे मला कळायच्या आधी त्यांना कळलं.

"हा घ्या," ते म्हणाले.

"काकाजी, हा सीटखाली नाही मावणार."

"मले दिसते ना."

"मग?"

"मंग का? मी सीट पाहून राहिलो होतो गा. आवाज कोनी पाहूनच नव्हता राहिला." एवढं बोलून ते शेठकडे वळले आणि चहा मागितला.

मला फार वाईट वाटलं. बाहेर येऊन आम्ही सगळ्यांनी नाही नाही ते उपाय काढले. गायिकेच्या नवऱ्यानं घरी राहावं असं निघालं, तर गायिका म्हणाली मग मीही राहते. तुम्ही एसटीनं या म्हटलं, तर काकाजी म्हणाले, "मांगं गेलो होतो. कंडक्टरनं साकोलीवरी वाजवाले लावली." टपावर बसायचाही विचार त्यांनी करून पाहिला, टप वाजवून पाहिला आणि सोडून दिला.

नव्या डब्याचा पहिला कार्यक्रम अर्जुनी मोरगावला, शारदा मंडळात होता. काकाजी आम्हाला पोचवायला आले. त्यांनी डबा स्वतः उचलून घडीच्या सीटवर ठेवला आणि दुपट्ट्यानं सीटला आवळून बांधला. ड्रायव्हरला म्हणाले, "हळू ने. नवीन हाये तो." मग त्यांनी मागचं दार बाहेरून लावलं. असं दार बाहेरून लावताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

अर्जुनीला मैदान भरलं होतं. पहिलं गाणं सुरू झालं, बेस असा काही बसला की पुढची पोरं खुर्च्या सोडून उभी राहिली. तेवढ्यात माझा फोन वाजला. काकाजी. मी एका हातानं कीबोर्ड सांभाळत फोन उचलला.

"चालू झाला का?"

"झाला काकाजी."

"फोन त्याच्यापाशी ठेव. आयकू दे."

मी फोन डब्यासमोर ठेवला. आता, फोनमधून गाणं जातं, टाळ्या जातात, गायिकेच्या नवऱ्याचं ओरडणं तर नक्कीच जातं. पण खर्ज जात नाही. ज्या आवाजासाठी हा सगळा खटाटोप केला, तेवढाच नेमका गाळला जातो. गाणं संपल्यावर मी फोन कानाला लावला.

"कसा वाटला?"



"जरासा जास्त होऊन राहिला," काकाजी म्हणाले. "मांगच्या लोकायले तरास होते. कमी कर."

मी वाकलो आणि बटण थोडं मागे फिरवलं. पुढच्या गाण्याच्या पहिल्या ओळीपर्यंत फोन पुन्हा डब्यासमोर धरला.

"आता, काकाजी?"

"हं. आता बराबर. आता हात नको लावू."

मी नाही लावला.