एल्डन स्कोगची दुर्बीण

एल्डन स्कोगचे गुडघे ग्रेडरने खाल्ले. मिसुरी नदीच्या दक्षिणेला खडीचे जेवढे रस्ते आहेत, तेवढे त्याने उभ्या जन्मात त्या यंत्राच्या पात्याने सारखे केले. यंत्रावर चढायचं, उतरायचं, पात्यात अडकलेला दगड काढायचा, पुन्हा चढायचं. एल्डनच्या रस्त्यावर पेल्यातली कॉफी हिंदकळत नाही, असं लोक म्हणत. तो न ऐकल्यासारखं करी, पण ते त्याने ऐकलेलं असे.

शिकारीतही त्याचा हट्ट होता. जनावराच्या जवळ जायचं. वारा तोंडावर घेऊन, सेजच्या झुडपांतून पोटावर सरपटत, जनावराच्या नाकपुडीतून निघणारी वाफ दिसेल इतकं जवळ. बापाची रायफल, आणि तिच्यावर बापाचीच बोटभर दुर्बीण. लांबून गोळी घालणाऱ्यांना तो शिकारी म्हणतच नसे. "आंब्याला दगड मारणारी पोरं बरी," असलंच काहीतरी त्याच्या भाषेत म्हणे.

दुसरा हट्ट याहून कडक होता. रक्त निघालं की आपली शिकार संपली. जनावर सापडो न सापडो, परवान्याच्या चिठ्ठीवर छापलेल्यांपैकी त्या दिवसाचा महिना आणि तारीख सुरीने कापून परवाना संपवायचा आणि घरची वाट धरायची. कायदा एवढं मागत नाही. एल्डन मागत असे. त्याचा मेहुणा रॉली कोवळा होता तेव्हा त्याच्या गोळीने लंगडं झालेलं एक हरीण घळीत नाहीसं झालं. एल्डनने त्याला तिथल्या तिथे चिठ्ठी कापायला लावली. रॉली तो सगळा हिवाळा त्याच्याशी बोलला नाही.

यंदा सोडतीत एल्डनचं नाव निघालं. नदीकाठच्या घळींतला नर एल्क, घोड्याएवढं थोराड हरीण. या परवान्यासाठी माणसं वर्षानुवर्षं अर्ज करतात आणि काही तशीच वर जातात. पाकीट आलं तेव्हा त्याची बायको आर्डिस बटाटे सोलत होती.

"नाव निघालं खरं," ती म्हणाली, "पण सरपटणार कोण? पायरी उतरताना तू देवाचं नाव घेतोस."

"देवाचंच घेतो असं नाही."

"तेही ऐकते मी."

ती हसली, पण एल्डनला हसू आलं नाही. पुन्हा नाव निघेपर्यंत आपण काठीवर असू, हे त्याला कळत होतं. जवळ जाणं संपलं होतं. आता लांबून मारायचं, नाहीतर परवाना चौकटीत घालून भिंतीवर टांगायचा.

"चांगली दुर्बीण घे," आर्डिस सुरी पुसत म्हणाली. "चारशे डॉलर. वर एक सेंट मागू नकोस. थंडीआधी घर तापवायची भट्टी दुरुस्त झाली नाही तर दोघांना तुझ्या एल्कच्या कातड्यात झोपावं लागेल."

गावात नेल्डाचं दुकान होतं. खिळे, गमबूट, गळाला लावायचे किडे आणि बंदुका, सगळं एका छपराखाली. नेल्डा एल्डनच्या शाळेतली. तिने किंमत ऐकली आणि दोन दुर्बिणी काढून काउंटरवर ठेवल्या.

"ही बघ. मोठं दाखवणारी नाही, दहापटच. पण काच स्वच्छ आहे, अंधार पडतानाही दिसतं. वरचा खटका फिरवायचा, जेवढं अंतर तेवढी टिकटिक. ते मात्र शिकावं लागेल."

"आणि ही?"

"ही अठरापट. खटक्याची भानगड नाही. आत रेघा आहेत, एकाखाली एक. चारशे यार्डांना ही रेघ जनावरावर धर, पाचशेला ही."

एल्डनने दुसरी उचलली. दारातून रस्त्यापलीकडच्या धान्याच्या कोठाराकडे पाहिलं. पत्र्यावरचा एकेक रिबिट दिसत होता.

"जन्मभर खटके आणि दांडेच ओढलेत मी," तो म्हणाला. "गारठलेल्या बोटांनी आणखी एक फिरवायला सांगू नकोस."

"तर मग एक ऐक. या किमतीत रेघा फक्त अठरावर खऱ्या असतात. हे कडं फिरवून चित्र लहान केलंस की रेघा जागच्या जागीच राहतात, पण त्यांचा अर्थ बदलतो. मग गोळी वर जाते. ऐकलंस?"

"बहिरा नाही मी."

"शाळेतही हेच म्हणायचास."

उन्हाळाभर एल्डन जुन्या खाणीत जाऊन सराव करी. भर दुपारी, लख्ख उन्हात, कडं अठरावर. चारशे यार्डांवर टांगलेली लोखंडी थाळी टण्ण वाजे आणि तो आवाज उशिरा, वळसा घेऊन आल्यासारखा कानावर येई. गोळ्या थाळीच्या मधोमध लागत होत्या. तरी घरी येताना त्याला चोरी करून आल्यासारखं वाटे. थाळीला नाकपुड्या नव्हत्या.

ऑक्टोबरच्या शेवटी तो आणि रॉली घळींच्या माथ्यावर गेले. दिवसभर काही दिसलं नाही. सूर्य टेकडीआड गेल्यावर समोरच्या उतारावर पाइनच्या झाडांतून एक नर बाहेर आला. शिंगं अशी की मान तिरकी करून त्याला झाडांतून वाट काढावी लागत होती.

"चारशे," रॉली अंतर मोजून कुजबुजला. "दाजी, घाई नको."

एल्डन पालथा पडला. दुर्बिणीत काळोख होता. चित्र मोठं, पण विहिरीत पाहिल्यासारखं. त्याचा हात आपसूक कड्याकडे गेला, थोडं फिरवलं, आणि उजेड आला. शिंगं, मान, खांदा, सगळं स्पष्ट. चारशेची रेघ खांद्यामागे धरून त्याने श्वास सोडला आणि चाप ओढला.

नर गुडघ्यांवर बसला. मग उठला आणि झाडांत शिरला.

"लागली!" रॉली म्हणाला. एल्डन उठून उतार उतरायला लागला होता. जनावर कसं बसलं ते त्याने पाहिलं होतं; नेमकी लागली असती तर ते उठलं नसतं.

झाडांपाशी लांब केसांचा एक पुंजका सापडला, पाठीवरचा. गवताच्या पात्यांवर रक्ताचे थोडे थेंब होते. पुढे एका दगडावर एक, आणि मग काहीच नाही. अंधार पडेपर्यंत ते शोधत राहिले.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून पुन्हा तेच. एल्डन प्रत्येक घळीत उतरला, जिथे उतरू नये तिथेही. रॉली मागून ओरडत होता.

"दाजी, वरच्यावर गेलीय गोळी! पाठीचं मांस चिरलंय नुसतं. तो आत्ता माद्यांमागे हिंडत असेल आणि आपण इथे मरतोय."

"दुर्बिणीत खोट आहे," एल्डन म्हणाला. "नेल्डाला परत नेऊन देतो. थाळीवर लागत होती बरोबर."

"दे. आणि दुसरी आण. हंगामाचे अजून तीन आठवडे आहेत."

एल्डन वाकून गवत चाळत राहिला. चिठ्ठी वरच्या खिशात होती, आणि तिचा कागद त्याला सदऱ्यातून टोचत होता. दुर्बिणीची खोट असेल तर ती गोळी आपली धरायची का? रात्रभर त्याने हाच एक प्रश्न इकडून तिकडून फिरवला होता. रॉलीला ते कळलं असावं.

"माझी तेव्हा कापायला लावलीस म्हणून मी तुला कापायला सांगणार नाही," तो हळूच म्हणाला. "तुझं नाव पुन्हा निघणार नाही, दाजी."

दुपार कलताना एल्डन एका घळीच्या तोंडाशी मांड्या चोळत बसला होता. रॉली वर होता. वारा तोंडावर होता. खालच्या झुडपांतून एक नर उठला. साठ पावलांवर, फार तर. एल्डन आयुष्यभर ज्या अंतरासाठी सरपटला, ते अंतर आज बसल्या जागी त्याच्यापुढे उभं राहिलं. नाकपुड्यांतून वाफ निघत होती. पाठ अखंड होती, एक केसही विस्कटलेला नाही. हा तो नव्हता.

रायफल खांद्याला कधी लागली ते त्याला कळलं नाही. दुर्बिणीत नुसते केस, पुसट तपकिरी भिंत. इतक्या जवळून एवढं मोठं चित्र काय कामाचं! लहान करायला त्याने कड्याला हात घातला आणि डोळा काढून आकड्याकडे पाहिलं.

बारा.

कालपासून कडं तिथेच होतं. ते त्यानेच फिरवलं होतं, उजेडासाठी, आणि चारशेची रेघ तिथेच खोटी झाली होती. दुर्बिणीत खोट नव्हती, नेल्डाच्या सांगण्यातही नव्हती.

नर त्याच्याकडे पाहत उभा होता. एल्डनने रायफल मांडीवर ठेवली. नराने आणखी थोडं पाहिलं, मग घाई न करता वळला आणि घळ चढून गेला. त्याच्या खुरांनी सुटलेली माती बराच वेळ घरंगळत राहिली.

रॉली धापा टाकत खाली आला. "मारला का नाहीस? दाजी! मी वरून बघत होतो, तोंडाशी होता!"

एल्डनने खिशातून चिठ्ठी काढली, गुडघ्यावर पसरली आणि सुरी उघडली. आधी महिना कापला. मग टोक तारखेवर नेलं.

रॉली वाकून पाहत होता. "ही कालची तारीख आहे," तो म्हणाला.

"गोळी कालच मारली ना."

कागदाचा तो कपटा वाऱ्याने नेला. एल्डन उठायला लागला आणि उठता येईना. रॉलीने आधी त्याच्या हातातून रायफल घेतली, मग बगलेत हात घातला. गाडीपर्यंत चढण लांब होती. वाटेत दोनदा एल्डन थांबला आणि पलीकडच्या पाइनच्या झाडांकडे बघत राहिला. तिथे काही हललं नाही.