त्या गावात संध्याकाळी काहीच नसतं

आमच्या चिनी एजंटाने माझ्या बायकोला फसवलं. मला फसवलं असतं तर मी तिथल्या तिथे वसूल केलं असतं.

लीड्समध्ये माझं दिव्यांचं दुकान आहे, शून्यातून उभं केलेलं. माल चीनमधल्या एका छोट्या शहरातून येतो. तिथे मी कॅल्क्युलेटर पुढे सरकवत भाव पाडतो. भाषा लागत नाही. या वेळी बायको सोबत आली ती फक्त तिथला पारंपरिक ऑपेरा, म्हणजे त्यांचं संगीत नाटक, बघायला. ती लीड्सच्या हॉस्पिटलात नर्स आहे आणि इथल्या मराठी मंडळाच्या नाटकात दरवर्षी काम करते. ते रंगवलेले चेहरे, त्या लांब बाह्या तिला जवळून बघायच्या होत्या.

निघण्याआधी तिने इंग्रजीत खूप शोधलं. त्या शहराचं स्टेशन, हॉटेलं आणि एक देऊळ, एवढंच सापडलं. मंडळाच्या ग्रुपवर विचारलं तर सगळे शांघायला जा म्हणाले. पेपरात नाटकांच्या जाहिराती बघत वाढलेली ती; थिएटर आणि वेळ कुठेतरी छापलेली असणारच, असं धरून चालली होती. शेवटी मी तिथे कारखान्यांशी गाठ घालून देणाऱ्या आमच्या एजंटाला विचारलं. तो म्हणाला, इथे संध्याकाळी काहीच नसतं. मग आमची एकुलती एक मोकळी संध्याकाळ कारखानदाराच्या मेजवानीत गेली. ती सारखी खिडकीकडे बघत होती. मी दोनदा उठलो, दोनदा कारखानदाराने मला हाताला धरून बसवलं.

परत आल्यावर तिच्या वॉर्डातल्या एका चिनी नर्सने शहराचं नाव चिनी अक्षरांत फोनवर टाकलं. लोकांनी टाकलेले व्हिडिओ धडाधड आले. आम्ही जेवत होतो त्याच संध्याकाळी, आमच्या हॉटेलमागे नदीकाठच्या बागेत ऑपेरा चालू होता. कुणालाही खुला.

तेव्हापासून मला स्वस्थ बसवत नाही. दुकानातले दिवे उगाच लावतो, बंद करतो, गिऱ्हाइकांवर खेकसतो.

"अहो, जाऊ द्या आता," बायको म्हणाली. "तुम्ही तरी रस्त्यात कुणाला विचारलंत?"

"कसं विचारणार? कॅल्क्युलेटरवर ऑपेरा टाइप करून?"

ती हसली नाही. पुढच्या खेपेला येशील ना, असं विचारलं तर "बघू" म्हणाली. तिचं बघू म्हणजे नाही, हे मला लग्नापासून ठाऊक आहे.

मी तिच्यासमोरच एजंटाला व्हिडिओ कॉल लावला. त्याने नाकारलंही नाही. म्हणाला, तो म्हाताऱ्यांचा खेळ. लोक घरून स्टूल घेऊन येतात. पाहुण्या बाईंना मी कुठे बसवणार होतो? कारखान्याचे मालक काय म्हणाले असते?

म्हणजे लाज याची, आणि मुकली ती. आम्ही उभं राहून बघितलं असतं. मी फोन तिच्याकडे वळवला.

"मला नको सांगूस. हिला सांग. हिची संध्याकाळ तू कुणाला विचारून ठरवलीस?"